किराण्याची वही आणि कुटुंबधर्म

(ज्युबिली-वर्षांत आपल्या धर्मग्रामाच्या कुटुंबमेळाव्यांत दिलेलें भाषण)



ज्युबिलीच्या या वर्षांत आपल्यापुढें श्रद्धा, प्रार्थना, संस्कार अशा थोर विषयांवर प्रवचनें झालीं. माझ्या वांट्यास आज जो विषय आला आहे, तो ऐकून कित्येकांस हंसूं येईल. विषय आहे किराण्याच्या वहीचा. तेल, डाळ, साखर, साबण यांवर महिन्यास किती खर्च करावयाचा हें आधीं ठरवावें आणि ठरविलेलें पाळावें, एवढीच गोष्ट. धर्मगुरूनें असल्या गोष्टींत तोंड कां घालावें, असें कोणी विचारील. त्यास माझें उत्तर असें कीं, माझ्या ओट्यावर निवाड्यासाठीं येणाऱ्या भांडणांतून दारूचीं भांडणें वगळलीं, तर उरलेल्यांपैकीं पुष्कळशीं या वहींतूनच निघालेलीं असतात. जिच्यामुळें नवराबायको एकमेकांशीं खोटें बोलूं लागतात, ती वस्तु धर्माच्या कक्षेबाहेरची कशी म्हणावी?

एक हकीकत सांगतों. ती पापस्वीकाराच्या वेळीं ऐकलेली नाहीं, ओट्यावर ऐकलेली आहे. आणि जिची ती आहे तिच्या संमतीनेंच, नांवगांव वगळून, सांगत आहें. दोन वर्षांपूर्वीं आषाढांतल्या एका सायंकाळीं ती बाई आली. नवरा दीड एकर धानाची शेती करून उरलेल्या दिवसांत राइस मिलमध्यें पोतीं उचलतो, ती स्वतः विड्या वळते, घरांत सासू आणि दोन मुली. थोरलीला नर्सिंगच्या शिक्षणासाठीं प्रवेश मिळालेला आणि तिच्या फीचे ८,००० रुपये आईच्या पेटींत जपून ठेवलेले. इकडे वाण्याची उधारी साचली होती ११,६४० रुपये. नवऱ्यास ती चार-पांच हजारांची ठाऊक होती. एके दिवशीं वाणी म्हणाला, "आतां तुमच्या मालकांशींच बोलतों." तिनें भिऊन पेटी उघडली आणि फीचे सगळे पैसे त्याच्या हवालीं केले. माझ्यापुढें उभी राहून तिनें विचारलें, "फादर, ही मी चोरी केली का?"

मीं उत्तर दिलें नाहीं. म्हटलें, "उद्यां ती वही घेऊन या, आणि मालकांनाही घेऊन या."

दुसऱ्या दिवशीं दोघेंही आलीं. तीन महिन्यांची ती वही आम्हीं ओळीनें वाचून काढली. वाण्यानें लबाडी केलेली नव्हती. हें मुद्दाम सांगतों, कारण उधारी वाढली कीं वाण्यास शिव्या देण्याची आपली रीत आहे. पावसाळ्यांत हातांत दमडी नसते तेव्हां तोच माणूस आपल्या घरांत मीठ-मिरची पोंचवितो. डाळ, तेल, चहा, साखर, मसाला, साबण यांची बेरीज झाली ६,९०० रुपये. बिस्किटें, शेव, कुरकुरे, थंड पेयें, म्हणजे मुलींच्या हातीं रोज जाणाऱ्या पांच-दहा रुपयांच्या पुड्या, यांचे २,३१० रुपये. मालकांच्या खर्ऱ्याचे आणि सुपारीचे १,८३० रुपये. राहिलेल्या ६०० रुपयांपुढें नुसतें "इतर" असें लिहिलेलें होतें, आणि तें इतर म्हणजे काय हें कोणासच आठवेना. नवरा येतांना तावांत होता. खर्ऱ्याचा आंकडा वाचला तसा तो गप्प बसला. दिवसाला वीस रुपयांनीं काय होतें, असें त्याला वाटत आलें होतें. वीस रुपये दिवसाला म्हणजे तीन महिन्यांत अठराशें, हा गुणाकार शाळेंत पाठ केलेला माणूस घरांत विसरून जातो.

मग मीं त्या बाईच्या प्रश्नाचें उत्तर दिलें. चोरी नव्हे, पण लपवणूक आहे. आणि लपवणुकींत दोघांचाही वांटा आहे. एकीनें सांगितलें नाहीं, दुसऱ्यानें कधीं विचारलें नाहीं. विचारलें तें फक्त "एवढे कसे झाले?" असें, आणि तेंही आवाज चढवून.

हा दोष त्या एका घराचा नाहीं. भारत सरकारनें २०२३–२४ सालीं घरोघरच्या खर्चाची जी पाहणी केली, तिच्याप्रमाणें खेड्यांतील माणसाचा दरडोई मासिक खर्च सरासरीनें ४,१२२ रुपये होता, आणि त्यांतील सुमारें ४७ टक्के अन्नावर होत होता. पण त्या अन्नखर्चाच्या पोटांत शिरून पाहा. धान्यावर एकूण खर्चाच्या सुमारें पांच टक्के, आणि पेयें, उपाहार व तयार खाद्यपदार्थ यांवर जवळजवळ दहा टक्के. अन्नाच्या सर्व सदरांत हेंच सदर सर्वांत मोठें ठरलें आहे. आतां हें खरें कीं, फुकट मिळणाऱ्या रेशनच्या धान्याची किंमत या आंकड्यांत धरलेली नाहीं. म्हणून धान्याचा वांटा लहान दिसतो. तरी धान्यावर वांचलेला पैसा कोणत्या वाटेनें गेला, हें त्यावरून कळतें. तांदूळ सरकारनें दिला आणि आपण पुड्या घेतल्या.

मी स्वतः या बाबतींत निर्दोष आहें असें समजूं नका. गुरुदीक्षेनंतरच्या पहिल्याच वर्षीं एका बोर्डिंगच्या स्वयंपाकघराचा कारभार माझ्याकडे आला. साठ-बासष्ट मुलें होतीं. सेमिनरींत मी तत्त्वज्ञान आणि ईश्वरविद्या शिकलों होतों, पण एका पोत्यांत किती दिवसांचा भात असतो, हें मला ठाऊक नव्हतें. महिन्याच्या पहिल्या आठवड्यांत मीं मुलांना दोनदां गोड जेवण घातलें, फोडणीचें तेल सढळ हातानें पडूं दिलें, आणि त्यांच्या जयजयकारानें फुगून गेलों. अठरा तारखेस डाळीचा डबा वाजूं लागला. उरलेले दिवस मीं उधारीवर काढले, आणि ती गोष्ट वडील धर्मगुरूंपासून लपविली. तीन महिन्यांनीं दुकानदारच त्यांच्याकडे आला. ते रागावले नाहींत. त्यांनीं मला कोठारांत नेलें, महिन्याचा माल चार वांट्यांत मांडावयास लावला, चौथ्या वांट्यास कुलूप घातलें आणि किल्ली जपमाळेच्या खिशांत टाकली. "बावीस तारखेपर्यंत ही मागूं नकोस," एवढेंच म्हणाले.

तेव्हांपासून माझा असा ग्रह झाला आहे कीं, अंदाजपत्रक, ज्याला आपण बजेट म्हणतों, तें कागदावर मोडत नाहीं. तें डब्यांत मोडतें. कागदावर तेलाचे तीन किलो लिहिलेले असतात, पण तेलाची पिंपी एकच असते, आणि भरलेल्या पिंपींतून हात नेहमीं मोठा पडतो. तेव्हां पांच माणसांच्या घरास महिन्यास जें तेल लागतें, तें चार बाटल्यांत ओतून ठेवावें. आठवडा संपण्याआधीं बाटली संपली, तर त्या आठवड्यांत भाजी उकडून खावी, पुढच्या बाटलीस हात लावूं नये. साखरेचें आणि चहाचेंही तसेंच. ही युक्ति पोरकट वाटेल. पण आपली इच्छाशक्ति तीस दिवस टिकत नाहीं, सात दिवस कशीबशी टिकते, हें आपण उपवासकाळांत दर वर्षीं अनुभवीत नाहीं काय?

अरण्यांतील इस्राएल लोकांची कथा आठवा. आकाशांतून मान्ना पडे, पण तो वाटेल तितका वेंचावयाचा नव्हता. माणशीं एक ओमर असें माप ठरलेलें होतें. हांवेनें दुसऱ्या दिवसासाठीं राखला, त्यांत किडे पडले. आणि तरीही सहाव्या दिवशीं दुप्पट वेंचण्याची आज्ञा होती, कारण सातवा दिवस विसाव्याचा. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. उद्यांची चिंता करूं नका असें प्रभूनें शिकविलें आहे, म्हणून हिशेब ठेवणें हें अविश्वासाचें लक्षण, असें आपल्यांतील कांहीं भाविक मला सांगत असतात. ज्या देवानें रोजचा मान्ना दिला, त्यानेंच सहाव्या दिवशीं उद्यांचें राखून ठेवावयास सांगितलें. पांच हजारांस जेवूं घातल्यावर प्रभूनें उरलेले तुकडे गोळा करविले आणि बारा टोपल्या भरल्या. जो चमत्कारानें भाकर वाढवूं शकत होता, त्यालाही तुकडा वायां गेलेला खपला नाहीं.

आतां आपल्या जिल्ह्याची खरी अडचण. महिन्याचें अंदाजपत्रक हें पगारदारांसाठीं ठीक. शाळामास्तरास, रेल्वेच्या नोकरास महिन्याच्या आरंभीं पैसे मिळतात. धान पिकविणाऱ्याच्या घरांत महिना नसतोच. तेथें पैसा येतो वर्षांत एकदां, फार तर दोनदां, आणि मध्यें तेंदूपानांच्या दिवसांत थोडासा. दिवाळीनंतर धान विकलें कीं घर आठ-दहा आठवडे राजासारखें चालतें. नाताळ येतो, लग्नें येतात. आणि ज्येष्ठ लागतांच वाण्याची वही उघडते. अशा घरानें महिन्याचा आंकडा कोठून काढावा?

याचें उत्तर आपल्या पूर्वजांनीं मातींत लिहून ठेवलें आहे. नवेगांवबांध पाहा, गांवोगांव कोहळी समाजानें बांधलेलीं तळीं पाहा. पाऊस चार महिने पडतो. धानास पाणी त्यानंतरही लागतें. म्हणून पाळ घातली, पाणी अडविलें, आणि तें पाळीपाळीनें सोडण्यास दार ठेवलें. तळें भरलें म्हणून कोणी दार सताड उघडें टाकलें असतें, तर कार्तिकांत बांध्या कोरड्या पडल्या असत्या. आपल्या घरीं मात्र धानाचा पैसा आला कीं दार सताड उघडें असतें. वर्षाच्या मिळकतींतून बियाणें, खत, औषधपाणी, फी आणि जुनें देणें यांचे पैसे आधीं काढा. राहील त्यास बाराने भागा. जो आंकडा निघेल तोच महिन्याचा. तो फार लहान निघतो, हें मला ठाऊक आहे. लहान निघतो म्हणूनच तो मार्गशीर्षांत पाहावा, ज्येष्ठांत नव्हे.

तांदळाचें गणित निराळें करावें लागेल. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणें प्राधान्य कुटुंबास माणशीं ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबास ३५ किलो धान्य मिळतें, आणि १ जानेवारी २०२३ पासून तें विनामूल्य आहे. पांच माणसांच्या भात खाणाऱ्या घरास महिन्यास ५० किलो धान्य लागतें असें धरा. रेशनचे २५ गेले, उरले २५; वर्षाचे ३०० किलो; पाहुणे आणि सणवार धरून ३६०. एक क्विंटल धानाचा सुमारें ६५ किलो तांदूळ होतो. म्हणजे साडेपांच, सोयीसाठीं सहा क्विंटल धान विक्रीस नेण्याआधींच कोठींत पडलें पाहिजे. २०२५–२६ च्या हंगामासाठीं साधारण धानाची आधारभूत किंमत क्विंटलला २,३६९ रुपये ठरली; त्या भावानें या सहा क्विंटलांचे १४,२१४ रुपये होतात. कोणी म्हणेल, पैसे हातीं घेऊं आणि पावसाळ्यांत तांदूळ विकत घेऊं. भावांत असें काय अंतर पडतें? अंतर फार पडत नाहीं, हें मीही कबूल करतों. पण कोठींतलें धान आषाढापर्यंत धानच राहतें. हातांतले चौदा हजार नाताळपर्यंतही चौदा हजार राहत नाहींत.

भावाची गोष्ट निघाली म्हणून आणखी एक सांगतों. घरधनिणीनें सर्व कांहीं नीट केलें तरी आंकडा चुकतो, आणि तो तिचा अपराध नसतो. आपल्या देशास लागणाऱ्या खाद्यतेलांपैकीं निम्म्याहून अधिक परदेशांतून येतें. १४ सप्टेंबर २०२४ पासून सरकारनें त्यावरील जकात वाढविली. कच्च्या तेलावरची मूळ जकात शून्यावरून २० टक्के झाली, आणि ऐन दसरा-दिवाळीच्या तोंडावर तेल कडाडलें. पुढें ३० मे २०२५ रोजीं ती १० टक्क्यांवर आणण्यांत आली. दिल्लींत कागद हलतो आणि सालेकशांत फोडणी बदलते. म्हणून ठरविलेल्या आंकड्यापैकीं शंभरांत दहा रुपये कोणत्याही वस्तूच्या नांवावर घालूं नयेत. ते महागाईसाठीं आणि अचानक आलेल्या पाहुण्यासाठीं मोकळे राहूं द्यावे. महागाई आली नाहीं तर ते पुढच्या महिन्यांत जावे, खर्ऱ्यांत नव्हे. उपवासकाळांत तर शेंगदाण्याचें वा सोयाबीनचें तेल कमी करून बांधावरचा पातूर आणि घरचें जवस यांवर निभावणें आपल्या आज्यांस उत्तम साधत असे.

आणि एक कर्ज मात्र, माझें ऐका, खाण्यासाठीं कधींही काढूं नका. तें म्हणजे आठवड्याच्या हप्त्याचें. म्हैस, शिलाईयंत्र, दुकान यांसाठीं घेतलेलें कर्ज स्वतःचा हप्ता कमावूं शकतें. खाल्लेली डाळ हप्ता कमावीत नाहीं. एका गटाचा हप्ता भरण्यास दुसऱ्या गटाचें कर्ज काढणाऱ्या भगिनी आपल्याच धर्मग्रामांत आहेत, आणि मंगळवार आला कीं त्यांच्या तोंडचें पाणी पळतें.

परंतु काटकसरीचा उपदेश करणाऱ्यानें न्यायाची बाजू विसरूं नये. पोप लिओ तेरावे यांनीं १८९१ सालच्या "रेरुम नोव्हारुम" या परिपत्रकांत क्रम स्पष्ट सांगितला आहे: कामकऱ्यास स्वतःचें आणि बायकामुलांचें पोट नीट भरेल इतकी मजुरी मिळाली पाहिजे, ती मिळाली म्हणजे मग तो काटकसरीनें दोन पैसे मागें टाकूं शकेल. जिला हजार विड्यांमागें मिळणारी मजुरी घरीं पुरत नाहीं, तिला केवळ वही दाखविणें हें भुकेल्यास पाककृति वाचून दाखविण्यासारखें आहे. म्हणून ख्रिस्तसभेनें जेथें जेथें गरिबांस हिशेब शिकविला, तेथें त्यांच्या हातीं संस्थाही दिली. छोटा नागपुरांत जर्मन येशूसंघी फादर जॉन हॉफमन यांनीं सावकारांच्या पाशांत सांपडलेल्या आदिवासी शेतकऱ्यांसाठीं १९०९ सालीं कॅथोलिक सहकारी पतसंस्था उभारली. त्यांचे मुंडा शेतकरीही आपल्यासारखेच धान पिकविणारे होते. पहिल्या महायुद्धांत, १९१५ सालीं, जर्मन म्हणून त्या फादरांस हा देश सोडावा लागला. पण संस्था उरली. आपल्या मराठी भाषिक वसईंत १९१८ सालीं, युद्धाच्या महागाईंत, मॉन्सिन्योर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकारानें निघालेली पतसंस्था आज बसीन कॅथोलिक को-ऑपरेटिव्ह बँक म्हणून नांवारूपास आली आहे. तिचा आरंभ मोठ्या भांडवलानें झाला नव्हता. थोडक्यांत निभावून थोडें मागें टाकणाऱ्या कुटुंबांच्या बळावर ती उभी राहिली. आपल्या बचतगटांस मी त्याच वंशाचे समजतों. तो गट कर्ज देतो म्हणून नव्हे, तर तेथें दहा बाया एकमेकींच्या वह्या पाहतात म्हणून.

दानाविषयीं थोडेंसें. महिन्याच्या अखेरीस कांहीं उरलें तर देऊं, असें म्हणणाऱ्या घरांत कांहीं उरत नाहीं. मिझोराममधील आपल्या प्रेस्बिटेरियन भगिनी १९१० पासून भात शिजवितांना दर वेळीं मूठभर तांदूळ बाजूस काढून ठेवीत आल्या आहेत. तो गोळा करून विकतात आणि त्यावर त्यांच्या ख्रिस्तसभेचीं कितीतरी कामें चालतात. त्या प्रॉटेस्टंट आहेत म्हणून ही मूठ आपण उचलूं नये, असें मला वाटत नाहीं. उलट एक गंमत माझ्या ध्यानांत आली आहे: जी बाई मूठ काढून ठेवते, ती तांदूळ मोजून घेते, आणि जी मोजून घेते तिच्या घरीं शिळा भात गाईपुढें कमी पडतो.

वही कोणी ठेवावी, असा प्रश्न मला विचारण्यांत आला होता. अक्षर ज्याचें चांगलें त्यानें ठेवावी. पण महिन्यांतून एकदां ती दोघांनीं मिळून वाचावी, आणि त्या वेळीं मुलेंही जवळ असावीं. पुरुषांस माझें एक सांगणें आहे. बायकोकडे हिशेब मागणें निराळें आणि हिशेबाला तिच्याजवळ बसणें निराळें. पहिल्या रीतीनें वही लपते. दुसऱ्या रीतीनें आपला खर्रा वहींत येतो.

ज्या कुटुंबाची हकीकत मीं सांगितली, त्यांनीं त्या सायंकाळीं कांहीं मोठी प्रतिज्ञा केली नाहीं. बचतगटानें फीपुरते पैसे दिले. तीं दोघें ते अठरा महिन्यांत फेडून मोकळीं झालीं. नवऱ्याचा खर्रा सुटला म्हणत नाहीं, अर्ध्यावर आला. पुड्या रविवारच्या मिस्सेनंतर एकदां मिळतात. वही आतां धाकटी मुलगी लिहिते आणि कोणाच्याही नांवावर दया करीत नाहीं. आजीच्या तंबाखूचे पंधरा रुपयेसुद्धां तिनें तांबड्या शाईनें लिहिले आहेत. थोरली नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षांत आहे.

येत्या महिन्याच्या पहिल्या रविवारीं मिस्सेनंतर सभागृहांत टेबलें मांडलेलीं असतील. महिला मंडळाच्या भगिनी आणि आपल्यांतील दोघे शिक्षक तेथें बसतील. ज्यांना इच्छा असेल त्यांनीं वाण्याची वही, रेशनकार्ड आणि गटाच्या हप्त्याचें कार्ड घेऊन यावें. कोणाची वही दुसऱ्यास दाखविली जाणार नाहीं. मी माझ्या स्वयंपाकघराची वही मात्र उघडी ठेवणार आहें. आमच्या स्वयंपाक्यानें याला हरकत घेतली आहे. त्याचें म्हणणें असें कीं, "इतर" या सदराखालीं फादरांच्या पाहुण्यांचा चहा लिहिलेला आहे, आणि तो आंकडा लोकांस दाखविण्यासारखा नाहीं.